पासपोर्ट मालकाच्या कपाटात? कायदा तसं सांगत नाही

‘आखातात गेलं की पासपोर्ट मालकाकडेच राहतो, तिथला नियमच आहे तसा.’ कोकणात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. तो नियम नाही, नुसती वहिवाट आहे.

कतारचंच घ्या. तिथला 2015 चा 21 क्रमांकाचा कायदा सांगतो की निवास परवान्याचं काम उरकलं की मालकाने पासपोर्ट कामगाराच्या हातात परत द्यायचा. न दिल्यास 25,000 रियालपर्यंत दंड. अपवाद एकच, आणि आपली माणसं अडकतात ती नेमकी तिथेच. कामगाराने स्वतः लेखी विनंती केली, तर मालक पासपोर्ट सांभाळू शकतो. रात्रभराच्या प्रवासाने डोळे तारवटलेल्या पोरापुढे चार कागद सरकवले, ‘इथे सही कर’ म्हटलं, की झाली ‘विनंती’. मला याचा फार राग येतो. पण अशी सही केली असली, तरी पासपोर्ट मागितला की मालकाला तो द्यावाच लागतो.

शिवाय 2020 पासून तिथे नोकरी बदलायला जुन्या मालकाचा ना-हरकत दाखलाही लागत नाही. आणि पासपोर्ट मुळात भारत सरकारची मालमत्ता आहे, कुठल्या कंपनीची नव्हे.