बांधकाम वाद-निवारण, न्यायालयाबाहेरील

बांधकामाच्या करारातून मालक, कंत्राटदार व उपकंत्राटदार यांच्यात उद्भवणारे तंटे न्यायालयात न नेता वाटाघाटी, मध्यस्थी, सलोखा, वाद मंडळ (करारातच नेमलेले तटस्थ तज्ज्ञांचे मंडळ), अभिनिर्णय (तटस्थ व्यक्तीने थोड्या मुदतीत दिलेला, तूर्त बंधनकारक निर्णय) किंवा लवाद यांमार्फत मिटविण्याची पद्धती. मोठ्या करारांत हे मार्ग पायऱ्यांप्रमाणे योजलेले असतात. लवाद ही बहुधा शेवटची पायरी असते.

मुदतवाढ, जादा काम, थकलेली बिले आणि जमिनीखालची अनपेक्षित परिस्थिती ही वादाची नेहमीची कारणे. या वादांत पुरावा फार काळ टिकत नाही. पायाच्या खोदाईत मुरूम अपेक्षित असताना कठीण खडक लागला, तर त्याची जात व पातळी खड्डा उघडा असेपर्यंतच पाहता येते. काँक्रीट पडल्यावर मोजमाप वहीतील नोंदी, छायाचित्रे आणि दोन्ही पक्षांची परस्परविरोधी पत्रे एवढेच हाती राहते. त्यामुळे काम चालू असतानाच निर्णय मिळणे हाच या सर्व पद्धतींचा खरा कस मानावा लागतो.

जुन्या करारपद्धतीत पहिला निर्णय अभियंत्याचा असे. मात्र त्याची नेमणूक मालकाने केलेली असते आणि पुष्कळदा त्याने काढलेले नकाशे किंवा त्यांना झालेला उशीर हाच वादाचा विषय असतो. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘सटक्लिफ विरुद्ध थॅकरा’ (1974) या खटल्यात देयक प्रमाणित करणाऱ्या वास्तुशिल्पज्ञाला, लवादाला दाव्यापासून असते तसे संरक्षण नाकारले. निष्काळजीपणाबद्दल तो जबाबदार ठरू शकतो, असे मानले. तरीही सल्लागार अभियंत्यांच्या ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने 1987 च्या नमुना करारात अभियंत्याचा निर्णय कायम ठेवला होता. 1999 च्या आवृत्तीत ते काम वाद मंडळाकडे गेले.

वाद मंडळाच्या उगमाविषयी एकमत नाही. काही लेखक तो अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, पेंड ओरेल नदीवरील बाउंडरी धरणाच्या कामात शोधतात. तेथे 1960 च्या दशकात एका संयुक्त सल्लागार मंडळाकडे तांत्रिक सल्ल्याबरोबरच काही तंटेही सोपविले गेले. दुसऱ्या मतानुसार खरा प्रारंभ कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगद्याच्या दुसऱ्या नळीच्या करारापासून, म्हणजे 1975 पासून होतो. पहिल्या नळीच्या कामात खर्च व वाद बरेच वाढले होते. दरम्यान 1974 मध्ये अमेरिकेच्या भुयारतंत्रविषयक राष्ट्रीय समितीचा, भूमिगत कामांच्या करारांतील दोष दाखविणारा अहवाल आला होता. मंडळ आरंभापासून करारातच असणे, सदस्य दोन्ही पक्षांना मान्य असणे आणि तंटा नसतानाही त्यांनी जागेवर येत राहणे ही लक्षणे निर्णायक मानली, तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बाउंडरीचे मंडळ हा पूर्वावतार म्हणता येईल. अमेरिकेबाहेरील पहिले उदाहरण म्हणून होंडुरासमधील एल काहोन धरणाचा (सु. 1980) उल्लेख सामान्यतः केला जातो. 1995 पासून जागतिक बँकेच्या मोठ्या कामांच्या नमुना निविदापत्रांत ही तरतूद आली.

अमेरिकी मंडळ केवळ शिफारस करते. फिडिकच्या मंडळाचा निर्णय बंधनकारक असतो. त्याला 84 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय मान्य नसलेल्या पक्षाने 28 दिवसांत असमाधानाची सूचना न दिल्यास तो अंतिम होतो. सूचना दिली तरी लवादाने बदलेपर्यंत तो पाळावाच लागतो.

अभिनिर्णयात हेच तत्त्व कायद्याने लागू होते. ब्रिटनमध्ये मायकेल लॅथम यांच्या बांधकाम उद्योगाविषयीच्या 1994 च्या अहवालानंतर बांधकाम करारांत अभिनिर्णयाचा हक्क देणारा 1996 चा कायदा झाला आणि तो 1 मे 1998 पासून अमलात आला. अभिनिर्णायकाला 28 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. वाद नेणाऱ्या पक्षाच्या संमतीने आणखी 14 दिवस मिळू शकतात. ‘मेकॉब विरुद्ध मॉरिसन’ (1999) या खटल्यात कार्यपद्धतीवर आक्षेप असूनही न्यायालयाने निर्णयाची अंमलबजावणी करविली आणि आधी पैसे, मग वाद हा क्रम रूढ झाला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स (1999), न्यूझीलंड (2002), सिंगापूर (2004) व मलेशिया (2012) यांनी आपापले कायदे केले.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. लवाद व सलोखा कायदा, 1996 हाच मुख्य आधार आहे. सरकारी करारांत खात्याचाच अधिकारी लवाद नेमण्याची जुनी वहिवाट होती. 2015 च्या दुरुस्तीने तिला मोठा पायबंद बसला.

अंमलबजावणी हा वाद मंडळाचा दुबळा भाग राहिला. बंधनकारक पण अद्याप अंतिम न झालेला निर्णय पाळला गेला नाही, तर काय करावे, हे 1999 च्या फिडिक करारात स्पष्ट नव्हते. इंडोनेशियातील एका वायुवाहिनीच्या वादात सिंगापूरच्या अपील न्यायालयाने 2011 मध्ये लवादाचा निवाडा रद्द ठरविला; त्याच पक्षांच्या दुसऱ्या फेरीत, 2015 मध्ये, बहुमताने पैसे देण्याचा अंतरिम निवाडा उचलून धरला. फिडिकच्या 2017 च्या आवृत्तीनुसार न पाळलेला निर्णय थेट लवादापुढे नेता येतो.