किती दुखतंय, हे डॉक्टरांना सांगताना

"शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे तुम्ही कल्पना करू शकाल असं सगळ्यात भयंकर दुखणं. तुमचं किती?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा माझ्या कंबरदुखीला चार वर्षं होऊन गेली होती, तरीही मला पटकन उत्तर देता येईना. निघण्याआधी गोळी घेतली होती, त्यामुळे त्या क्षणी फारसं दुखत नव्हतं. आदल्या रात्री मात्र कूस बदलताना डोळ्यांत पाणी आलं होतं. दहा म्हणावं तर बाळंतपणाच्या कळा सोसून झालेल्या, त्यांच्यापुढे हे दहा कसं? तीन म्हणावं तर किरकोळ समजून सोडून देतील. शेवटी मी "सहा" म्हणाले आणि त्यांनी कागदावर सहा लिहिलं. मी खोटं काहीच बोलले नव्हते, तरी बाहेर पडल्यावर वाटत राहिलं की जे सांगायला आले होते ते आतच राहिलं.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणतं. असं दुखणं बाळगणाऱ्या बहुतेकांना ही अडचण ओळखीची असेल. ताप थर्मामीटर सांगतो, साखर रक्ताच्या तपासणीत कळते. दुखणं मोजणारं यंत्र नाही. का नाही, हे समजलं की डॉक्टरांसमोर बोलणं बरंच सोपं होतं, असा माझा अनुभव आहे.

आपल्या त्वचेत, स्नायूंत, सांध्यांत धोक्याची खबर देणारी मज्जातंतूंची टोकं असतात. त्यांना नोसिसेप्टर म्हणतात. काही तंतू ही खबर सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने नेतात, तर काही जेमतेम अर्धा ते दोन मीटर. पायाचं बोट दाराच्या चौकटीवर आपटलं की आधी लख्ख कळ येते आणि ठणका मागाहून सुरू होतो, त्याचं कारण हेच. पण ही खबर म्हणजे दुखणं नव्हे. मेंदूपर्यंत जाताना वाटेत ती वाढते किंवा दबते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की मज्जारज्जूत जणू एक दार आहे, ते कधी सताड उघडतं, कधी किलकिलं होतं. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण खबर वाटेतच कमीजास्त होते हा गाभा टिकला. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतली यंत्रणाच हळवी होऊन बसते. याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. अशा अवस्थेत साधा स्पर्शही दुखतो. मूळ जखम भरून आली तरी दुखणं मागे राहू शकतं, आणि त्याला माणसाचा लाडावलेपणा किंवा हट्ट जबाबदार नसतो.

त्यामुळे फोटोत दिसेल तेवढंच खरं, असं धरून चालत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचा एमआरआय काढला, तर ५२ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या किमान एका चकतीला फुगवटा होता. सगळ्या चकत्या व्यवस्थित असलेले फक्त ३६ टक्के निघाले. म्हणजे चकती सरकलेली दिसते आणि माणूस आरामात वावरतो. याच्या उलट, अहवालात खास काही नाही आणि माणसाला मोजे घालता येत नाहीत, हेही घडतं. "तुमचा एमआरआय तर नॉर्मल आहे," हे वाक्य ऐकून ज्यांचा चेहरा पडला असेल त्यांनी हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये दुखण्याची व्याख्या सुधारली. तिच्यात दुखणं हा संवेदनेचा आणि भावनेचा, असा दोन्ही पदरांचा अनुभव म्हटला आहे. सोबतच्या टिपेत म्हटलं आहे की एखाद्याने दुखतंय असं सांगितलं तर त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

एवढं असूनही रुग्णाच्या मनात धास्ती असतेच की आपल्यावर विश्वास बसणार नाही. नुकतीच इजा झाली असेल तर नाडी जलद होते, घाम फुटतो, चेहरा पिळवटतो. महिनोन्महिने चाललेल्या दुखण्यात या खुणा विरत जातात. माणूस हसतो, गप्पा मारतो, नीटनेटके कपडे घालून दवाखान्यात येतो. समोरच्याला वाटतं, एवढं काही नसावं. मग काही जण आवाज चढवतात आणि "दहा! बारा म्हणा हवं तर," असं सांगतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण त्या बारामागे बहुतेक वेळा आधी कुणीतरी मनावर न घेतल्याची आठवण असते. पण त्याने नुकसान आपलंच होतं. आज दहा सांगितलं तर उद्या खरोखर वाढल्यावर सांगायला आकडा उरत नाही. शिवाय औषधाचा उपयोग पाहताना आकडा आधीच्या आकड्याशीच ताडला जातो. अकरा अंशांच्या या पट्टीवर साधारण दोन अंशांची किंवा ३० टक्क्यांची घट झाली तर रुग्णाला खरा फरक पडला असं मानतात, हे २००१ मध्ये अनेक औषधचाचण्या एकत्र तपासून ठरवलं गेलं. मुळातला आकडाच फुगवलेला असेल तर हा हिशेब बिघडतो.

दुसऱ्या टोकाला "बरं आहे" म्हणणारे असतात. मी त्यांच्यातली. कुणी कसं आहे विचारलं की तोंडातून आपोआप "ठीक" निघतं, आणि दवाखान्यातही तेच निघतं. सोसण्याची सवय झालेल्या माणसाला आपण कमी सांगतोय हे कळतही नाही. अशा माणसाला कमी मात्रेचं औषध मिळतं, पुढची तपासणी लांबते, आणि तो घरी येऊन आणखी थोडं सोसतो.

आकड्याच्या आड आठवणही येते. १९९६ मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल काहनेमन यांचा एक अभ्यास छापून आला. आतड्याची दुर्बीण तपासणी चालू असताना रुग्णांना दर मिनिटाला किती दुखतंय ते नोंदवायला सांगितलं होतं आणि नंतर पूर्ण तपासणी कशी वाटली ते विचारलं. तपासणी किती वेळ चालली याचा आठवणीवर फारसा परिणाम दिसला नाही. सगळ्यात जास्त दुखलेला क्षण आणि शेवटची काही मिनिटं, एवढ्यावरच आठवण बेतलेली होती. "गेल्या महिन्यात कसं होतं?" या प्रश्नाला आपण देतो ते उत्तरही बरेचदा एका वाईट रात्रीचं आणि आज सकाळचं असतं. मधले दिवस त्यात नसतातच.

म्हणून डॉक्टर रोज नोंद ठेवायला सांगतात. पण नोंदवहीचीसुद्धा एक गंमत आहे, आणि ती मला फार शिकवून गेली. २००२ मध्ये आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी जुनाट दुखणं असलेल्या काही लोकांना कागदी नोंदवह्या दिल्या. त्यांच्या कव्हरमध्ये प्रकाश ओळखणारा सेन्सर लपवला होता, म्हणजे वही कधी उघडली ते कळत होतं. लोकांनी भरून दिलेल्या तारखा-वेळांनुसार ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. सेन्सरनुसार खरोखर वेळेवर झालेल्या नोंदी होत्या ११ टक्के. बाकीच्या मागाहून, काही तर एका बैठकीत भरलेल्या. ही माणसं लबाड होती असं मला वाटत नाही. डॉक्टरांकडे रिकामी वही न्यायची लाज वाटते, एवढंच. पण मागाहून भरलेली वही पुन्हा आठवणीवरच चालते. त्यापेक्षा चार दिवसांच्या खऱ्या नोंदी आणि बाकी पानं कोरी, हे कितीतरी उपयोगाचं. कोरं पान तसंच दाखवावं.

नोंद काय करायची, इथे आकड्यापेक्षा शब्द जास्त कामाला येतात. याच मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखण्याचं वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. मराठीत तर याची चंगळच आहे. ठणकतं, ठसठसतं, सणकतं, टोचतं, बोचतं, चुरचुरतं, भगभगतं. कळ येते, चमक निघते, ओढ लागते, मुंग्या येतात. आवळून धरल्यासारखं होतं, जड पडतं, पिळवटतं. दवाखान्यात शिरताच मात्र आपण हे सगळं बाहेर ठेवतो आणि "पेन होतंय" एवढंच म्हणतो. हे शब्द डॉक्टरांना थेट दिशा दाखवतात. आग होणं, करंट बसल्यासारखं वाटणं, मुंग्या, बधिरपणा, खाज असं असेल तर मज्जातंतूचंच दुखणं असण्याची शक्यता वाढते. २००५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी बनवलेली डीएनफोर नावाची छोटी चाचणी याच शब्दांवर उभी आहे. मज्जातंतूच्या दुखण्याला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, त्याची औषधं वेगळी असतात. "दुखतं" आणि "पोटरीत आग होते, रात्री पांघरुणाचा स्पर्श नको वाटतो" या दोन वाक्यांवर दोन वेगवेगळी प्रिस्क्रिप्शन्स लिहिली जाऊ शकतात.

आकडा विचारलाच तर एकटा देऊ नये. आत्ता किती, गेल्या आठवड्यात सर्वांत जास्त किती, सर्वांत कमी किती आणि एरवी साधारण किती, असे चार सांगावेत. गोळी घेऊन आला असाल तर तेही त्यातच सांगावं. त्याला जोडून, दुखण्याने काय करू दिलं नाही ते सांगावं. २००९ मध्ये तयार झालेली पेग नावाची पट्टी फक्त तीन प्रश्नांची आहे: गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, जगण्यातल्या आनंदात त्याने किती खोडा घातला आणि रोजच्या कामांत किती. तीनपैकी दोन प्रश्न दुखण्याच्या परिणामाबद्दल आहेत, हे मला फार योग्य वाटतं. सहा हा आकडा माझा वेगळा आणि तुमचा वेगळा. "पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहवत नाही" हे वाक्य ऐकणाऱ्याला जसंच्या तसं कळतं.

झोप आणि मन यांबद्दल बोलायला लोक कचरतात. उदास वाटतं म्हटलं तर "सगळं मनाचं आहे" असा शिक्का बसेल, ही भीती असते. ती अगदीच निराधार नाही. तरीही सांगावं, कारण झोप उडाली की दुसऱ्या दिवशी दुखणं अधिक जाणवतं आणि दुखण्याने झोप आणखी उडते. हे चक्र कुठेतरी तोडायचं तर आधी ते डॉक्टरांना दिसायला हवं.

आणि गोळ्या. इथे सगळ्यात जास्त लपवाछपवी होते. दोन सांगितलेल्या असतात, आपण चार घेतो आणि विचारल्यावर दोनच म्हणतो. पॅरासिटॅमॉल प्रौढ माणसाने दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, आणि काहींची मर्यादा याहूनही कमी असते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. डोकेदुखीचं तर आणखी विचित्र आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, काही प्रकारच्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं. हे ओळखायचं तर खरा आकडा हवाच. डॉक्टर रागावतील, ते ऐकून घ्यावं. गोळ्या उरलेल्या असतील, घेतल्याच नसतील, तर तेही सांगावं.

काही गोष्टी मात्र पट्टी आणि वहीची वाट न पाहता लगेच सांगायच्या. कंबरदुखीबरोबर दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

पुढच्या भेटीला मी एक कागद घेऊन गेले. त्यावर सहा दिवसांच्या नोंदी होत्या, सातवा कोरा. आकडा विचारल्यावर मी चारही आकडे सांगितले आणि म्हणाले, "सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरताना डाव्या हाताने बेसिन धरावं लागतं. उजव्या बाजूला चमक निघते, ती मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत जाते. हात सोडला तर सरळ होता येत नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उठा, मला तसं वाकून दाखवा," म्हणाले. टेबलाची कड बेसिन झाली. मी वाकले, आणि चमक कुठे निघते, कुठे थांबते हे ते बोटाने दाबत, विचारत पाहत राहिले. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणी तेवढा वेळ तिथे हात ठेवून पाहिलं होतं.

व्यायाम बदलले, औषध बदललं. तीन महिन्यांनी पुन्हा गेले तेव्हा साधारण आकडा अजून सहाच होता, सर्वांत जास्तचा नवावरून सातवर आला होता. बेसिन न धरता चूळ भरता येत होती. डॉक्टरांनी तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या.