‘आबा आता थकलेत’ म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे म्हणतात ना, "आबा आता फार थकलेत हो". म्हणजे दमलेत असं नाही, झोप काढून भरून निघेल असं हे थकणंच नव्हे. अंग उतरलंय, चाल मंदावलीये, साधा ताप आला तरी पंधरा दिवस अंथरूण सुटत नाही, हे सगळं त्या एका शब्दात येतं. डॉक्टर ह्याला फ्रेल्टी म्हणतात, आणि मोठं ऑपरेशन होऊन आयसीयूत गेलेला वयस्कर पेशंट कितपत सावरेल ह्याचा अंदाज बांधताना नुसत्या वयापेक्षा हे थकणं जास्त सांगून जातं.

आयसीयूत आकडेमोड आधीपासून आहेच. १९८५ चा अपाचे टू स्कोर, म्हणजे आजार किती गंभीर आहे ते सांगणारा आकडा, बीपी, ताप, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), ऑक्सिजन असं सगळं धरतो, वय आणि जुने आजारही धरतो. पण आज्जी घरी आंघोळ स्वतः करत होत्या का, हे त्यात कुठे नाही.

ते धरलं कॅनडातल्या डलहौसी युनिव्हर्सिटीच्या केनेथ रॉकवूड यांनी. २००५ मध्ये त्यांच्या टीमने क्लिनिकल फ्रेल्टी स्केल काढली, आधी ७ पायऱ्यांची, नंतर ९ झाल्या. १ म्हणजे ठणठणीत, ५ पासून पुढे फ्रेल. ५ ला पैशाचे व्यवहार, औषधं, बाहेर जाणं ह्यात मदत लागते, ६ ला जिना आणि आंघोळ, ७ ला सगळंच दुसऱ्याच्या हातात. मशीन नाही, रक्त काढायचं नाही. आणि बघायचं ते पेशंट आत्ता बेडवर कसा पडलाय ते नाही, दोन आठवड्यांपूर्वी घरी कसा होता ते.

ह्याचा उपयोग होतो का, तर होतो. कॅनडातल्याच अल्बर्टा प्रांतातल्या ६ हॉस्पिटलांच्या आयसीयूतल्या ४२१ पेशंटचा अभ्यास २०१४ मध्ये आला, सगळे ५० च्या पुढचे. त्यात फ्रेल असलेल्यांपैकी साधारण ३२ टक्के हॉस्पिटलमध्येच गेले, बाकीच्यांत हेच प्रमाण १६ टक्के. दुप्पट!

कारण सोपं आहे, शरीराची गंगाजळी. समजा आतडं फुटलं, रातोरात पोट उघडावं लागलं. आता हृदय, किडनी, फुप्फुसं सगळ्यांना जादा काम, आणि जखम भरायला लागणारं प्रोटीन शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढतं. आधीच स्नायू झिजलेले असले की काढणार कुठून? खोकायला जोर नाही म्हणून कफ आत राहतो, मग न्यूमोनिया, मग व्हेंटिलेटर सुटत नाही. २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात आयसीयूच्या पहिल्या १० दिवसांतच मांडीचा एक स्नायू सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास बारीक झालेला दिसला. तरुण माणूस ते भरून काढतो, पण ज्याला आधीच खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागत होता त्याचं पुढे चालणंच जातं.

मात्र आकडा ७ आला म्हणून उपचार नाकारायचे, असा ह्याचा वापर मला मान्य नाही. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये उपचार कसे करावेत ह्याची मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने ही स्केल वापरायला सांगितली आणि काही दिवसांतच दुरुस्ती करावी लागली, की तरुणांना किंवा कायमचं अपंगत्व असलेल्यांना ही लावू नका. बरोबरच होतं ते.

आणि आपल्या घरांत एक अडचण वेगळीच. "स्वयंपाक करतात का?" ह्याचं उत्तर "नाही", कारण सून करते! तो काही अशक्तपणा नाही. उलटही होतं, आयसीयूच्या दाराशी मुलगा सांगतो "एकदम फिट होते हो परवापर्यंत", मनापासून सांगतो, पण तो राहतो पुण्यात, रोज फोनवर आवाज तेवढा ऐकतो. पँट दोरीने बांधायची वेळ आलीये, संडासला जाताना भिंत धरतात, गेल्या महिन्यात दोनदा पडले, हे माहीत असतं सकाळी आंघोळ घालायला येणाऱ्या मावशींना. डॉक्टरांनी "दोन आठवड्यांपूर्वी घरी कसे होते?" असं विचारलं की आधी त्यांना फोन लावा.