पोर्तोची वाइन आणि निळ्या फरश्या: पार्श्वभूमी

पोर्तुगालच्या उत्तर भागात, दोरू नदी अटलांटिकला मिळते तिथून काही किलोमीटर आत, ग्रॅनाइटच्या चढणीवर पोर्तो शहर वसले आहे. प्रवासी येथे येतात ते मुख्यतः वाइन आणि निळ्या फरश्यांसाठी, आणि या दोन्ही गोष्टी शहराइतक्याच जुन्या असाव्यात असा त्यांचा समज सहज होतो. प्रत्यक्षात पोर्ट वाइनची द्राक्षे पोर्तोत पिकत नाहीत, ही वाइन परंपरेने मुरते तीही नदीपलीकडच्या व्हिला नोव्हा द गाया या निराळ्या गावात, आणि चर्चच्या भिंतींवरची गाजलेली निळाई बरीचशी विसाव्या शतकातली आहे.

शहर मात्र खरोखरच प्राचीन आहे. येथील ‘पोर्तुस काले’ या रोमनकालीन नावावरूनच पुढे देशाचे नाव पडले. 1415 साली उत्तर आफ्रिकेतील सेउता या बंदरावरील स्वारीसाठी शहराने आपल्याकडचे सारे चांगले मांस आरमाराला दिले आणि स्वतःसाठी फक्त वजडी ठेवली, अशी कथा सांगतात. पोर्तोकरांना आजही ‘त्रिपैरुश’, म्हणजे वजडीखाऊ, म्हणतात आणि ते हे नाव अभिमानाने मिरवतात.

वाइनचा व्यापार वाढला तो इंग्लंड आणि फ्रान्सच्या वैरामुळे. 1703 च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज वाइनवरील इंग्लंडमधली जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठेवली आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी ही द्राक्षे पिकतात त्या दोरूच्या वरच्या खोऱ्याकडे मोर्चा वळवला. समुद्रप्रवासात वाइन बिघडू नये म्हणून तिच्यात ब्रँडी मिसळत. पुढे रस आंबत असतानाच ती ओतण्याची पद्धत रुळली, त्यामुळे आंबण्याची क्रिया अर्ध्यावर थांबते आणि द्राक्षाची साखर शिल्लक राहते. पोर्टचा गोडवा तो हाच. मागणी वाढली तशी भेसळही वाढली, रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस घालण्यापर्यंत मजल गेली आणि अखेर भाव कोसळले. तेव्हा, लिस्बनच्या भूकंपानंतर त्या शहराची पुनर्बांधणी हाती घेतलेले राजाचे मंत्री मार्केस द पोंबाल यांनी 1756 मध्ये सरकारी आश्रयाची कंपनी स्थापन केली, द्राक्षप्रदेशाची हद्द ग्रॅनाइटचे खांब रोवून आखली आणि एल्डरबेरीची झाडे उपटण्याचे हुकूम सोडले. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध 1757 मध्ये पोर्तोतल्या गुत्तेवाल्यांनी आणि सामान्य लोकांनी दंगा केला, तेव्हा अनेकांना फासावर चढवण्यात आले. वाइनचा इतिहास सांगताना हे प्रकरण सहसा गाळले जाते, ते गाळू नये असे मला वाटते.

खोऱ्यातून पिंपे येत ती ‘राबेलू’ नावाच्या सपाट तळाच्या पडावांतून. वल्ह्यासारखे लांबलचक सुकाणू नीट धरता यावे म्हणून तांडेल उंच मचाणावर उभा राहत असे. गायाचा उतार उत्तरेकडे तोंड करून असल्याने तेथे ऊन कमी लागते, म्हणून कोठारे त्या बाजूला उभी राहिली. 1926 च्या कायद्याने तर निर्यात गायातूनच करण्याचे बंधन घातले, ते 1986 पर्यंत टिकले. रेल्वे, रस्ते आणि नदीवरची धरणे यांनी पडावांचे काम संपवले; आज धक्क्याला बांधलेले पडाव पिंपांसह जाहिरातीपुरते उभे असतात.

फरश्यांना पोर्तुगीजमध्ये ‘अझुलेजु’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी असून त्याचा ‘अझुल’ म्हणजे निळ्या रंगाशी संबंध नाही. झिलईच्या या फरश्या सोळाव्या शतकात सेव्हिलहून येऊ लागल्या, तर निळ्या-पांढऱ्या रंगसंगतीमागे चिनी आणि डच भांड्यांची आवड होती. घरांच्या दर्शनी भिंती मात्र एकोणिसाव्या शतकात फरश्यांनी मढल्या. ब्राझीलमध्ये पैसा कमावून परतलेल्यांची हौस हे त्यामागचे एक कारण मानले जाते. शिवाय पोर्तोच्या पावसात फरशीची भिंत ओल धरत नाही. कार्मु चर्चची बाजूची भिंत 1912 ची, तर आल्माश चॅपेलची 1929 ची आहे.

1916 मध्ये खुले झालेले साँव बेंतु रेल्वे स्थानक एका पाडलेल्या मठाच्या जागेवर आहे. त्याच्या दालनातल्या सुमारे 20,000 फरश्या जॉर्ज कुलासु यांनी रंगवल्या, आणि त्याही लिस्बनजवळच्या साकावेंच्या कारखान्यातल्या. सेउता जिंकल्याचा प्रसंग तेथे भिंतभर आहे. याच कुलासुंनी 1935 मध्ये पोर्तुगीज महाकाव्यातील प्रसंगांचे फलक केले, ते पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात आजही पाहता येतात.