भोंग्यांच्या खांबांपासून डिले टॉवरपर्यंत

खान्देशात मोठ्या गर्दीला ऐकवायचं म्हणजे पहिला सामना हवेशी. वैशाखाच्या दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते. त्यामुळे आवाज वर वळतो आणि मागच्यांच्या डोक्यावरून निघून जातो. रात्री जमीन निवली की तो खाली वळतो. तमाशा रात्री रंगतो याला कारणं बरीच, पण हवेचीही साथ असते.

अमेरिकेत सॅन दिएगोला १९१९ मध्येच अध्यक्ष विल्सन सुमारे पन्नास हजारांपुढे लाऊडस्पीकरवरून बोलले होते. डिसेंबर १९३६ मध्ये खान्देशातल्या फैजपूरला नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. त्याच दशकात नानिक मोटवाने यांची शिकागो रेडिओ ही कंपनी काँग्रेसच्या सभांना लाऊडस्पीकरची यंत्रणा पुरवत होती.

पुढे गावोगावच्या सभांत, यात्रांत जी पद्धत रुळली ती खांबाखांबावर भोंगे बांधण्याची. शंभर व्होल्टच्या लाइनमध्ये करंट कमी, त्यामुळे साध्या वायरीवर भोंगे लांबवर नेता येतात. आवाज माणसाजवळ न्यायचा, हा विचार पक्का होता. खोट एकच: सगळे भोंगे एकाच क्षणी बोलतात. जवळच्या भोंग्याचा शब्द लगेच येतो, शंभर मीटर लांबच्याचा तोच शब्द सुमारे ०.३ सेकंदाने. शब्दावर शब्द चढतो. जुने पुढारी थांबून थांबून बोलत, ते काही नुसतं वक्तृत्व नव्हतं.

मग स्टेजच्या दोन्ही अंगांना पेट्यांच्या भिंती आल्या. नियोजन म्हणून ही पिछेहाटच. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो; शेवटच्या रांगेला ऐकवायचं तर पहिल्या रांगेचे कान फुटतात. वरातीत हे खपतं, कीर्तनात नाही.

१९९२ मध्ये फ्रान्सच्या एल-अकूस्टिक्सने आधुनिक लाइन ॲरे आणला. उभ्या रांगेत टांगलेल्या या पेट्यांचा आवाज काही अंतरापर्यंत दुप्पट अंतराला ३ डेसिबलच्या आसपासच घटतो. डिजिटल डिले, म्हणजे आवाज ठरवलेल्या वेळेने उशिरा सोडणारं यंत्र, स्वस्त झाल्यावर खांबही परतले, फक्त आता मागचा टॉवर स्टेजचा आवाज पोहोचेपर्यंत थांबतो आणि त्यानंतर १०-२० मिलिसेकंदांनी बोलतो. तेवढ्या फरकात कानाला आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे मांडलं होतं.

इथेही पुन्हा हवा आडवी येते. ४५ अंशांत आवाज सेकंदाला सुमारे ३५८ मीटर जातो, १५ अंशांत ३४०. शंभर मीटरला १५ मिलिसेकंदांचा फरक. म्हणून जळगावच्या मे महिन्यातल्या दुपारी लावलेला डिले थंडीतल्या रात्रीच्या कार्यक्रमाला तसाच ठेवला, तर टॉवर स्टेजच्या आधी बोलू शकतो.