मृत समुद्राकाठची हस्तलिखिते: पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

मृत समुद्राच्या वायव्य काठी, कुमरानजवळच्या अकरा गुहांत १९४७ ते १९५६ दरम्यान सापडलेल्या प्राचीन ज्यू हस्तलिखितांची ओळख करून घ्यायची असेल, तर पुस्तक चाळताना प्रथम त्याच्या आवृत्तीचे वर्ष पाहावे. चौथ्या गुहेतले हजारो तुकडे कित्येक दशके मोजक्या अभ्यासकांच्या ताब्यात होते. १९९१ मध्ये अमेरिकेतील हंटिंग्टन ग्रंथालयाने आपल्याकडची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली आणि पुढच्या काळात उरलेला मजकूर झपाट्याने प्रसिद्ध झाला. साहजिकच त्याआधीच्या बहुतेक लेखकांसमोर या साहित्याचा मोठा भाग नव्हताच.

दुसरी आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची कसोटी म्हणजे पुरावा आणि अनुमान यांतली सीमारेषा लेखक स्पष्ट दाखवतो का. झिजून गेलेल्या जागी अभ्यासकाने तर्काने भरलेले शब्द चौकटी कंसात देण्याची रीत आहे. हे कंस गाळून सलग, गुळगुळीत भाषांतर देणारे पुस्तक नवख्या वाचकाची दिशाभूल करते. हिब्रू बायबलमधल्या १४५व्या स्तोत्राचेच पाहा. त्याच्या ओळी हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने सुरू होतात. परंतु पारंपरिक हिब्रू पाठात ‘नून’ या अक्षराची ओळ नाही. अकराव्या गुहेतल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत ती आहे, प्राचीन ग्रीक भाषांतरातही आहे. मग ती मूळचीच म्हणावी का? तिचा उत्तरार्ध त्याच स्तोत्रातल्या सतराव्या ओळीच्या उत्तरार्धाशी जुळतो, त्यामुळे गाळलेली जागा कोणीतरी मागाहून भरली असावी, असेही काही अभ्यासक मानतात. या दोन्ही बाजू मांडणारे पुस्तक निःशंकपणे घ्यावे.

कुमरानचे रहिवासी एसीन या प्राचीन ज्यू पंथाचेच होते, हे मत प्रबळ असले तरी निर्विवाद नाही. गेझा वेरमेश यांचे इंग्रजी भाषांतर मूळ मजकुराच्या परिचयासाठी उत्तम आहे, मात्र त्यांचा कल एसीन मताकडे आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे. त्याआधी टिमोथी लिम यांची ऑक्सफर्डने काढलेली छोटी परिचय-पुस्तिका वाचावी, तीही २०१७ ची दुसरी आवृत्ती. येशूविषयीच्या दडवलेल्या रहस्याचे आमिष दाखवणारी पुस्तके बाजूलाच ठेवावीत. या हस्तलिखितांत येशूचा उल्लेखच नाही.

२००२ नंतर बाजारात आलेल्या तुकड्यांबाबत विशेष सावधगिरी हवी. वॉशिंग्टनच्या ‘म्युझियम ऑफ द बायबल’मधले सर्व १६ तुकडे बनावट असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, आणि त्यांतले बरेच तुकडे त्याआधी अभ्यासग्रंथात अस्सल म्हणून छापले गेले होते.