पिन्स्कर : हर्झलच्या आधीचं निदान

झायोनिझम, म्हणजे ज्यूंना स्वतःची भूमी हवी ही चळवळ, म्हटलं की थिओडोर हर्झलचं नाव निघतं. पण हर्झलच्या ‘ज्यू राष्ट्र’ या पुस्तकाच्या चौदा वर्षं आधी, १८८२ साली, बर्लिनमध्ये एक छोटी जर्मन पुस्तिका निघाली होती : ‘ऑटो-इमॅन्सिपेशन’, म्हणजे आपली सुटका आपणच करायची. लेखकाचं नाव नव्हतं. नुसतं ‘एक रशियन ज्यू’. हे लेखक म्हणजे ओडेसाचे डॉक्टर लिओन पिन्स्कर.

पिन्स्कर (१८२१–१८९१) मुळात उलट्या मताचे. मॉस्कोत वैद्यक शिकलेले, क्रिमियन युद्धात सैनिकांवर उपचार केलेले. ज्यूंनी रशियन भाषा शिकावी, समाजात मिसळावं, प्रश्न आपोआप सुटेल, असं ते मानत आणि लिहीत. १८७१ च्या ओडेसातल्या दंगलीने त्यांना पहिला धक्का दिला. १८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याची हत्या झाली, दक्षिण रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, आणि साठीतल्या या माणसाचा उरलासुरला विश्वास गेला. नवं मत घेऊन ते व्हिएन्नाच्या मुख्य रब्बींकडे (ज्यू धर्मगुरूंकडे), आडोल्फ येलिनेक यांच्याकडे गेले. वडिलांच्या ओळखीचे हे गृहस्थ. त्यांनी डॉक्टरांनाच विश्रांती घ्यायला सांगितलं!

पुस्तिकेत डॉक्टर जागोजागी दिसतो. ज्यूद्वेष हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मनोविकार आहे, दोन हजार वर्षांचा आणि बरा न होणारा, असं पिन्स्करांचं निदान. देश गेला तरी हे लोक टिकले, म्हणून जगाला ते भुतासारखे वाटतात, आणि भुताला माणूस घाबरतोच. श्रीमंताला ज्यू भिकारी दिसतो, गरिबाला पिळवणूक करणारा लक्षाधीश. अशा रोगावर युक्तिवाद चालत नाही. मग उपाय एकच, स्वतःची भूमी. ती पॅलेस्टाईनच हवी असा हट्ट नव्हता. अमेरिकेतली जमीनही चालली असती. तिथे आधीपासून राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मात्र पुस्तिकेला फारसा पडलेला दिसत नाही.

पश्चिमेकडच्या ज्यूंनी तिकडे पाठ फिरवली. रशियातल्या ‘होवेवेई झायोन’ (झायोनप्रेमी) गटांनी, पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंनी वस्ती करावी असं म्हणणाऱ्यांनी, पिन्स्करांना नेता केलं. या गटांची १८८४ ची परिषद रशियात घेणं अवघड, म्हणून ती सीमेपलीकडे, तेव्हा जर्मनीत असलेल्या काटोविट्झला भरली. १८९० मध्ये त्यांच्या कामाला रशियात सरकारी परवानगी मिळाली तीही ‘सीरिया आणि पॅलेस्टाईनमधल्या ज्यू शेतकरी व कारागिरांना मदत करणारी संस्था’ अशा निरुपद्रवी नावाने. पुढच्याच वर्षी पिन्स्कर गेले.

हर्झलने ही पुस्तिका वाचली ती स्वतःचं पुस्तक छापायला गेल्यावर. आधी वाचली असती तर आपण कदाचित लिहिलंच नसतं, असं त्याने डायरीत नोंदवलं आहे.